दुधाची वाट धरा: कोल्हापूरच्या आडरानात एकट्यानं सायकल

प्रश्न विचारणारे २८ वर्षांचे आहेत. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी, आठवड्याला एकच सुट्टी. दोन वर्षं डांबरी रस्त्यावर हायब्रिड सायकल चालवली, जोतिबा-पन्हाळा पाठ झाला. आता रस्ता सोडून पठारं, वाड्या, जंगलाच्या कडा अशा आडरानात फिरायचंय. सोबतीला कुणी तयार नाही आणि आई म्हणते, एकटा जायचं नाही. कुठून सुरुवात करू, सायकल बदलावी का, बरोबर काय असावं आणि एकट्यानं जाणं बरोबर आहे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी २६ वर्षं करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी आणि भुदरगड तालुक्यांत सायकल घेऊन फिरतोय, त्यातलं बहुतेक फिरणं एकट्यानं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

एकट्यानं जा. पण एकटं जाणं म्हणजे माणसांपासून दूर जाणं, हा समज आधी काढून टाका. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला निर्मनुष्य वाटणाऱ्या पठारावरही तासा-दीड तासाच्या चालीवर एखादा धनगरवाडा असतो, गुराखी असतो, मध काढणारा असतो. बरोबर दुसरा सायकलवाला नसेल तर हीच माणसं तुमची सोबत. तुम्ही कुठून आलात आणि कुठं चाललात हे त्यांना ठाऊक असलं तर तुम्ही एकटे नाही. ठाऊक नसलं, तर मित्र बरोबर असूनही फार फरक पडत नाही.

हे मला एका संध्याकाळी कळलं. नोव्हेंबर महिना होता, शाहूवाडीच्या पश्चिमेकडचं एक पठार. दुपारी पठारावरून खाली उतरणारी चांगली रुंद वाट दिसली म्हणून ती धरली. खालच्या एका वाडीतून जाताना दोन बाप्ये ओट्यावर बसले होते, त्यांना नुसता हात केला आणि पुढं गेलो, विचारलं काहीच नाही. अर्ध्या तासात वाट अरुंद झाली, मग तिला तीन फाटे फुटले, मग करवंदीच्या जाळीत सगळे फाटे विरून गेले. सायकल ओढून बाहेर काढताना एक वाळकी काटकी मागच्या गिअरमध्ये गेली. गिअर ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर फ्रेमला लावलेला असतो तो हँगर वाकला आणि गिअर सरळ चाकाच्या तारांत घुसला. पावणेपाच वाजले होते, फोनला रेंज नव्हती.

मग मी दुसरी चूक केली. वाट चुकली की ओढा धरून खाली जावं, गाव लागतंच, असं लहानपणापासून ऐकलेलं. ओढा दिसला, त्याच्या कडेनं सायकल ढकलत निघालो. पाऊण तासानं वरच्या अंगाला हाक आली. एक धनगर आजी म्हशी घेऊन परत चालल्या होत्या. म्हणाल्या, "पावनं, तिकडं कुठं? म्होरं कडा हाय." मी उभा होतो तिथून शंभरेक पावलांवर ओढा गवतातून नाहीसा होत होता, आणि तिथून खाली कोकण.

रात्री त्यांच्या खोपटात राहिलो. नाचणीची भाकरी, खर्डा आणि ताक. पहाटे त्यांचा मुलगा दुधाचं कॅन डोक्यावर घेऊन निघाला, त्याच्या मागोमाग मी सायकल ढकलत निघालो. झाडीतून अशी सरळ, मळलेली, काट्याविना वाट निघाली की सायकल एकदाही उचलावी लागली नाही. सात वाजायच्या आत आम्ही दूध संस्थेच्या दारात होतो आणि समोर डांबरी रस्ता.

त्या दिवसापासून मी नव्या भागात गेलो की पहिला प्रश्न एकच विचारतो: "दूध कुठं घालता?"

यामागचं कारण साधं आहे. आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक गावात दूध संस्था आहे आणि वाडीवरचं दूध तिथं सकाळ-संध्याकाळ पोचावंच लागतं. पाऊस असो, थंडी असो, दूध थांबत नाही. म्हणजे वाडीपासून संस्थेपर्यंतची वाट दिवसातून दोनदा तुडवली जाते. ती कधी मोडत नाही, तिच्यावर काटा पडला तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी बाजूला सारतो, ओढ्यात दगड मांडलेले असतात. नकाशावर ती बऱ्याचदा नसते, पण सायकलला तिच्यासारखी वाट दुसरी नाही. उलट ढोरवाट सुरुवातीला दुधाच्या वाटेपेक्षा रुंद दिसते, आणि नवखा माणूस तिथंच फसतो. गुरं गोठ्यातून एकत्र निघतात, पुढं चरायला पांगतात. म्हणून ढोरवाट गावाजवळ रुंद असते आणि रानात जाऊन विरते. फाटे फुटत चाललेत, शेण आहे पण माणसाच्या पावलाचा ठसा नाही, दोन्ही बाजूंचं गवत खुडलेलं आहे, अशी चिन्हं दिसली की थांबा. चांगल्या पायवाटेला फाटे येऊन मिळतात, ढोरवाटेतून फाटे निघून जातात. एवढं एक डोळ्याला सवयीचं झालं की निम्मं काम झालं.

विचारण्याचीही रीत आहे. "ही वाट पलीकडं जाते का?" असं विचारलंत तर उत्तर "जाते की" असंच येणार. ते खोटं नसतं. माणूस जातो, भारा घेऊन बाईही जाते, पण तुमची पंधरा किलोची सायकल जाईल का, हे त्यांनी कधी बघितलेलं नसतं. त्यापेक्षा विचारा, "तुम्ही शेवटचं कधी गेला होता?" गेल्या आठवड्यात म्हणाले तर वाट जिवंत आहे. "आमचं आजोबा जायाचं" म्हणाले तर वाट मेली, आता तिथं कारवी माजली असेल. अंतर कधीच किलोमीटरमध्ये विचारू नका. "हितंच की" हे अंतर एक किलोमीटरही असतं आणि सहाही. डोक्यावर भारा असताना किती वेळ लागतो, असं विचारलं की तंतोतंत उत्तर मिळतं, आणि सायकल ढकलायला साधारण तेवढाच वेळ लागतो. शेवटी स्वतःहून सांगा, "मी अमुक वाडीला चाललोय, दुपारपर्यंत परत इकडूनच येणार." परत येताना त्यांच्या दारात थांबून पाणी प्या. उशीर झाला तर कुणीतरी बॅटरी घेऊन वाटेकडं बघणार, याची ती सोय आहे.

ओढ्याचं नीट समजून घ्या. सह्याद्रीची मुख्य धार जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून उत्तर-दक्षिण जाते. धारेच्या पूर्वेला पडलेलं बरंचसं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती असं वाहत प्रयाग चिखलीला पंचगंगेत येतं. तिकडं ओढा धरून खाली गेलात तर खरंच गाव लागतं. पण धारेच्या जवळ, गगनबावडा, आंबा, दाजीपूर, रांगणा या पट्ट्यात, ओढा कुठल्या बाजूला वाहतोय हे कळल्याशिवाय एक पाऊलही त्याच्यामागं जाऊ नका. पश्चिमेला वाहणारा ओढा कड्यावरून कोकणात पडतो. गवत उंच असतं, धुकं असतं, कडा शेवटच्या वीस पावलांवर दिसतो. दुपारनंतर सूर्याकडं तोंड करून उतरायला लागलात आणि समोर डोंगर दिसेनासे होऊन नुसतं मोकळं आभाळ दिसायला लागलं, तर मागं फिरा.

नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून घ्या. जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरज नसते, फोन फ्लाइट मोडवर ठेवला तरी जागा दाखवतो आणि बॅटरी दोन दिवस पुरते. पण मी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशेही बघतो. कोल्हापूर शहर ४७ एल क्रमांकाच्या नकाशांत येतं, गगनबावडा ४७ एच मध्ये. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि समोच्च रेषा वीस-वीस मीटर उंचीवर. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथं सायकल खांद्यावर. रस्ते जुने असतात त्यात, पण डोंगर, ओढे आणि जुन्या गाडीवाटा बदलत नाहीत. परदेशी सायकलवाले एकट्यानं जाताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्यायला सांगतात. आपल्या देशात परवान्याशिवाय असं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन बाळगणं बेकायदा आहे, तेव्हा त्या नादाला लागू नका.

आता वेळ. रानात गेल्यावर परत फिरायची वेळ ठरवायची नसते, ती घरी ठरवायची. डांबर सोडल्यापासून अंधार पडेपर्यंतचे तास मोजा, तीन भाग करा. एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक. डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पुढच्या पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. साडेआठला डांबर सोडलंत तर हातात साडेनऊ तास, म्हणजे साडेअकराला जिथं असाल तिथून मागं. समोर कितीही सुंदर वळण असलं तरी. शिल्लक ठेवलेला भाग पंक्चरला, चुकलेल्या फाट्याला, मुरगळलेल्या पायाला लागतो. बहुतेक वेळा लागत नाही, मग तो एखाद्या वाडीत बसून गप्पा मारण्यात घालवा.

वेगाचा अंदाज डांबरावरून काढू नका. नायस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली चालण्यासाठी हिशेब घालून दिला: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. सायकल ढकलताना तोच धरा, वर थोडी भर घाला. माझा स्वतःचा हिशेब असा: कोरड्या पाणंदीत तासाला दहा-बारा किलोमीटर, खडकाळ माळावर सहा-सात, ढकलत तीन. दिवसभरात रस्त्याबाहेरचे पंचवीस किलोमीटर झाले तर तो भरलेला दिवस समजा. आणि ढकलण्यात कमीपणा मानू नका. इंग्लंडमध्ये १९५५ साली रफ-स्टफ फेलोशिप नावाचा क्लब निघाला, तो रस्त्याबाहेर सायकल चालवणाऱ्यांचाच. त्या वेळी माउंटन बाइक नावाची गोष्टही नव्हती. माणसं साध्या टूरिंग सायकली खांद्यावर टाकून डोंगर ओलांडायची. चालवता येईल तिथं चालवायची, नाही तिथं चालायचं.

यावरूनच सायकलच्या प्रश्नाचं उत्तर. तुमची हायब्रिड पुरेशी आहे, बदलू नका. फक्त फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद आणि खाचांचे टायर टाका. डांबरावर ठेवता तेवढी हवा रानात ठेवू नका. दोन इंची टायरला मी तीस पीएसआयच्या आसपास ठेवतो, अडतीस-चाळीस मिलिमीटरच्या टायरला पंचेचाळीस. त्याहून कमी केलीत तर जांभ्याच्या धारेवर रिम आपटून ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. पुढच्या चाकाचं मडगार्ड काढून ठेवा. काळ्या मातीत गवत मिसळलं की मडगार्डखाली त्याची वीट तयार होते आणि चाक फिरायचंच थांबतं. पहिला पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानातून तर सायकल नेऊच नका, तिथं ढकलूनही चालत नाही, उचलावीच लागते.

बरोबर दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, अॅलन किल्ल्या, चेन तोडायचं हत्यार, चेनची जादा कडी आणि तुमच्याच सायकलचा हँगर. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुकानात आयत्या वेळी मिळत नाही. तो तुटला आणि जादा नसला तर गिअर काढून, चेन लहान करून एकाच गिअरवर घर गाठता येतं. हे घरी अंगणात एकदा करून बघा, रानात पहिल्यांदा करू नका.

पंक्चरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण एकट्या माणसाचा दिवस बहुधा इथंच वाया जातो. आपल्याकडं शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. बांधावर कुंपणाला बाभळीची झुडपं तोडून लावतात आणि त्यातल्या फांद्या पाणंदीत पडतात. चाक काढलंत, नवी ट्यूब टाकलीत, हवा भरलीत आणि दहा मिनिटांत पुन्हा बसलं, याचं कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. ते बाहेरून दिसत नाही. टायर आतून उलटा करा आणि एक सुती रुमाल आतल्या बाजूनं हळूहळू फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं काटा. बोटानं चाचपू नका, नखात घुसतो. काढून झाला की पूर्ण एक फेरी पुन्हा फिरवा, एका ठिकाणी दोन काटे असणं नेहमीचंच. टायरच फाटला तर दुधाची रिकामी पिशवी धुऊन, चार घड्या घालून फाटलेल्या जागी आतून ठेवा. माझ्या हत्यारांच्या पिशवीत अशा दोन पिशव्या कायम असतात. तेवढ्यावर मी एकदा भुदरगडातून घरापर्यंत आलोय.

खायला भडंग, शेंगदाणे-गूळ, आणि भाकरी-खर्डा. पाणी तीन लिटर. दिवाळीनंतर महिनाभर ओढे वाहतात, पण फेब्रुवारीपासून पठारं कोरडी होतात. वाडीतली माणसं जिथून पितात तिथूनच पाणी भरा.

जनावरांबद्दल आई नक्की विचारणार, म्हणून सांगतो. गवा आता फक्त दाजीपुरात राहिलेला नाही, तो उसाच्या फडापर्यंत उतरलाय. कळप दिसला तर तो सहसा आपल्यालाच टाळतो. एकटा नर मात्र जागचा हलत नाही. वळणावरून सायकल आवाज न करता खाली येते आणि गवा अचानक समोर येतो, धोका तिथं आहे. म्हणून झाडीतल्या उतारावर वेग कमी आणि घंटी चालू. समोर आलाच तर सायकलवरून उतरा, पाठ न फिरवता हळूहळू मागं सरका, मध्ये झाड घ्या. फोटो काढायला पुढं जाऊ नका. त्याचं वजन आठशे-हजार किलो असतं आणि चढावरही तो तुमच्या सायकलपेक्षा वेगानं येतो.

धनगरी कुत्री अंगावर आली की पायडल मारून पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, मालकाला हाक मारा. सायकलवरचा माणूस त्यांना कळत नाही, उभा राहिलेला कळतो. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस. कड्यांच्या आणि मोठ्या झाडांच्या खाली आग्या मोहोळ असतं, तिथं धूर, सेंट, आरडाओरडा काही नको. दगडांच्या राशीत हात घालू नका. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्या भागात आहेत. साप चावला तर चिरू नका, करकचून बांधू नका. एकटे असाल तर मात्र पडून राहून मदत येणार नाही. सायकल तिथंच टाका, न पळता, सावकाश जवळच्या माणसापर्यंत चालत जा, तिथून १०८.

या सगळ्यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती तारेची. डुकरं आणि गवे पिकात येऊ नयेत म्हणून काही शेतांना तार लावलेली असते. बॅटरीवरच्या झटका मशीनचा धक्का बसतो, माणूस वाचतो. पण कुणी बेकायदा थेट वीज सोडलेली असते आणि ती बघून ओळखता येत नाही. म्हणून पिकाच्या कडेची तार ओलांडायची नाही, तिच्यावर सायकल टेकवायची नाही, पहाटे आणि संध्याकाळी तर बांधावरून जायचंच नाही. पाणंद सोडू नका.

कुठं जावं? पहिले तीन-चार रविवार नदीकाठच्या पाणंदीत घालवा. भोगावतीच्या काठानं कोगे, हळदी, राशिवडे या पट्ट्यात उसाच्या फडांमधून पाणंदी गेल्यात आणि नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. या बंधाऱ्यांवरून सायकल आरामात जाते आणि एका दिवसात दोनदा-तीनदा नदी ओलांडत फिरता येतं. बंधाऱ्याच्या दगडी खांबांमध्ये बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले की एका बाजूला तुडुंब पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली उघडं पात्र, मधून चाललोय आपण. हिवाळ्याच्या सकाळी पाण्यावर वाफ असते आणि गुऱ्हाळाच्या रसाचा वास काठाकाठानं बरोबर येतो. मात्र जून ते सप्टेंबर हे बंधारे विसरा. पावसाळ्यात ते एकामागून एक पाण्याखाली जातात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते, पण छोटे बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडतात. पाणी घोट्याएवढंच दिसतंय म्हणून सायकल घालू नका, कठडा नसतो.

त्यानंतर मसाई पठार. पन्हाळ्याहून म्हाळुंग्याच्या बाजूनं वर चढलं की मैलोन् मैल सपाटी, मध्ये मसाई देवीचं देऊळ. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं निघाले ते याच अंगानं. पुढं खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशी वाट पावनखिंडीकडं जाते. जुलैत इथं शेकडो लोक चालतात, तेव्हा सायकल नेऊ नका, चिखलात तुमचेही हाल आणि त्यांचेही. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. पावसाळ्याच्या शेवटी पठारावर सीतेची आसवं, तेरडा फुलतो. कातळावर माती बोटभरच असते आणि चाकाची एक रेघ पुढच्या पावसात ओहळ होऊन बसते. हे पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे. मळलेल्या गाडीवाटेवरूनच चालवा, गवतावर चाक घालू नका. माझी यात कळकळ आहे, कारण ज्या माळावर मी पंधरा वर्षांपूर्वी एक वाट बघितली तिथं आज गाड्यांनी पाडलेल्या सात वाटा आहेत.

राधानगरी अभयारण्यात एकट्यानं सायकल घालायची नाही. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी राखलेलं हे रान १९८५ मध्ये वाढवून साडेतीनशे चौरस किलोमीटर झालं. तिथं परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि मोबाइलच्या नकाशावर आत वाट दिसते म्हणजे ती आपल्याला खुली आहे असं नव्हे. वनखात्याच्या नाक्यावर विचारा, नाही म्हणाले तर कडेच्या गावांतून फिरा. तसंही कडेची गावंच जास्त सुंदर आहेत.

पाटगाव-भटवाडीकडून चिक्केवाडी आणि रांगण्याची वाट वर्षभर सराव झाल्यावर करा. पाटगाव मधाचं गाव म्हणून आता ओळखलं जातं, तिथल्या मध काढणाऱ्यांइतकं रान कुणाला ठाऊक नाही. त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढं जाऊ नका. आदल्या दिवशी पोचा, गावात मुक्काम करा. बाहेर देवळाजवळ मुक्कामी एसटी उभी दिसली तर ती सकाळी कधी सुटते तेही विचारून ठेवा. सायकल मोडली तर तीच तुमची परतीची गाडी.

आईचं राहिलं. त्यांना "काही होत नाही" असं सांगू नका, त्यानं काळजी वाढते. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर त्यांना गाडीवर बसवून त्याच गावात घेऊन जा, ज्यांच्या दारात पाणी प्यालात त्यांची गाठ घालून द्या. माझ्या घरी विरोध मावळला तो असाच. त्या आजींच्या खोपटात माझी आई एक दुपार बसून आली, आणि नंतर मी कुठं निघालो की "तिकडंच चाललास ना? मग त्यांना हे दे" म्हणून चटणीची बरणी हातात द्यायला लागली.

आणि प्रत्येक वेळी निघताना फ्रिजवर एक चिठ्ठी लावा. फोनवरचा मेसेज पुरत नाही, वेळेला तो सापडत नाही. पहिल्या मसाईच्या फेरीची चिठ्ठी अशी असावी:

"पन्हाळा, म्हाळुंगे, मसाई पठार, देवळापर्यंत. परत त्याच वाटेनं. साडेअकराला जिथं असेन तिथून फिरणार. लाल टी-शर्ट, काळी सायकल. पाचपर्यंत घरी. सातपर्यंत फोन आला नाही तर आधी गावच्या पोलीस पाटलांना लावायचा, नंबर खाली लिहिलाय, मग ११२."